‘हे म्हणतात, घर विकू आणि गाडीत राहू’

प्रिय ताई,
आम्ही गेली एकतीस वर्षं न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. हे येत्या मार्चमध्ये निवृत्त होतायत, तेव्हा त्यांना सदुसष्ट पूर्ण होतील. मी त्रेसष्टची. मुलगा-सून बोस्टनजवळ, नात चार वर्षांची. गेल्या वर्षी ह्यांचा जिवलग मित्र निवृत्त झाल्यावर आठ महिन्यांत गेला. तेव्हापासून ह्यांनी एकच धरलंय : घर विकायचं, मोठी आरव्ही, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, घ्यायची आणि अख्खी अमेरिका पालथी घालायची, पार अलास्कापर्यंत. छत्तीस फुटी गाडी बघूनही आलेत. मला फिरायला आवडतं, पण घर विकायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. माझं स्वयंपाकघर, देव, दर महिन्याची भिशी, नात, हे सगळं सोडायचं? शिवाय एवढी मोठी गाडी मी काही जन्मात चालवणार नाही. नाही म्हटलं तर ह्यांचं स्वप्न मोडल्याचं पाप माझ्या माथी, आणि हो म्हणायला जीभ रेटत नाही. काय करू?
— द्विधा मनःस्थितीतली, एडिसन

तुमचं पत्र दोनदा वाचलं. घर, देव, भिशी, नात ह्यांच्याबद्दल तुम्ही जीव तोडून लिहिलंय आणि ते खरंच आहे. पण माझी नजर अडली ती ‘एवढी मोठी गाडी मी काही जन्मात चालवणार नाही’ ह्या वाक्यावर. ते तुम्ही जाता जाता लिहून टाकलंत. सगळ्या पत्रात मला तेच सर्वांत काळजीचं वाटलं.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. घर आत्ता विकू नका. ह्यांना ‘नाही’ही म्हणू नका. निदान दोन वर्षं घर ठेवून छोट्या छोट्या फेऱ्या करा, त्याही भाड्याच्या, छोट्या गाडीतून. आणि त्या गाडीचं स्टिअरिंग तुमच्या हातात आल्याशिवाय कुठलीही आरव्ही विकत घेऊ नका.

असं का म्हणते, त्याला कारण आहे. माझे यजमान निवृत्त झाल्यावर आम्ही दोघांनी, मधूनमधून घरी परतत, मिळून चौदा महिने आरव्हीत काढले. गाडी सत्तावीस फुटी. चालवायची त्यांनी, बाकी सगळं मी, अशी वाटणी कोणी न ठरवताच झाली होती. सप्टेंबरात आम्ही साउथ डकोटात बॅडलँड्सला होतो. तिथलं कॅम्पग्राउंड उघड्या माळावर आहे, मागे त्या मातीच्या सुळक्यांची रांग. रात्री दीडच्या सुमाराला ह्यांच्या पोटात कळ उठली. मूतखडा होता, पण ते नंतर कळलं. त्या वेळी माणूस घामाने निथळत जमिनीवर गुडघ्यात डोकं घालून बसलेला. मोठं हॉस्पिटल रॅपिड सिटीला, पाऊणशे मैलांवर. मी चावी घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. पाय पेडलपर्यंत नीट पोचेनात, माझी उंची पाच फूट एक इंच. सीट पुढे कशी घ्यायची ते माहीत नाही. पार्किंग ब्रेक कुठला ते माहीत नाही. विजेची केबल बाहेर खांबाला लावलेली, ती काढायची की नाही तेही सुचेना. सहा महिने मी त्या गाडीत राहत होते, आणि ती मला चार फूटसुद्धा पुढे नेता आली नाही.

शेजारच्या जागेवर आयोवाचं एक वयस्क जोडपं होतं. त्यांचं दार वाजवलं. त्या आजोबांनी पायजम्यावरच ट्रक काढला आणि आम्हाला पोचवलं. ते नसते तर ॲम्ब्युलन्स बोलावली असती, ती आलीही असती. पण चावी हातात घेऊन बसलेली ती पाच मिनिटं मला आजही आठवतात. ज्या बाईला चाकांवरचं घर चालवता येत नाही, तिने त्या घरात राहायला जाऊ नये, असं मला त्या रात्रीपासून मनापासून वाटतं.

तुम्ही एकतीस वर्षं न्यू जर्सीत गाडी चालवताय ना? रूट वनवर, टर्नपाइकवर? मग पंचवीस फुटी आरव्हीही तुम्हाला जमेल. बहुतेक राज्यांत २६,००० पौंडांच्या आतल्या आरव्हीला साधं लायसन्स पुरतं. शिकायचं असतं ते तीनच गोष्टींचं भान : तुमच्या डोक्यावर किती उंची आहे, वळताना मागचा भाग कुठे जातो, आणि थांबायला किती अंतर लागतं. मागच्या चाकांच्या पाठीमागे गाडीचा जो भाग बाहेर आलेला असतो, तो तुम्ही उजवीकडे वळलात की डावीकडे फेकला जातो. पेट्रोलपंपाचे खांब बहुतेक त्यानेच ठोकले जातात. मी रॅपिड सिटीहून परतल्यावर शिकले. एका मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, रंगाच्या रिकाम्या बादल्या मांडून. पहिल्या दिवशी चार बादल्या चेपल्या. तिसऱ्या रविवारी एकही नाही. पैसे देऊन शिकायचं असेल तर आरव्ही शिकवणारे प्रशिक्षकही मिळतात, आणि नवऱ्याकडून शिकण्यापेक्षा ते बरं, हे कोणत्याही लग्नाच्या बाबतीत खरं आहे.

आता छत्तीस फुटी गाडीबद्दल. यजमानांना ती का आवडली असेल ते कळतं. शोरूममध्ये आत शिरलं की सोफा, शेकोटी, राणीच्या महालातला वाटावा असा पलंग. पण राष्ट्रीय उद्यानांतली बरीच कॅम्पग्राउंड्स फार जुनी, लहान गाड्यांच्या काळातली आहेत, आणि तिथल्या कितीतरी जागांवर एवढी लांब गाडी मावतच नाही. माँटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये ‘गोइंग टू द सन’ रस्त्याच्या वरच्या टप्प्यावर २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद गाड्यांना, आरसे धरून, बंदीच आहे. छत्तीस फुटी गाडी घेतली की गावात दूध आणायला जायलाही ती हलवायची नाही म्हणून मागे एक छोटी गाडी ओढत न्यावी लागते, आणि ती चारही चाकांवर ओढत असाल तर मागे रिव्हर्स घेता येत नाही. चुकून बंद गल्लीत शिरलात तर रस्त्यात उतरून छोटी गाडी सोडवायची, मग मोठी मागे घ्यायची. पेट्रोलचं सांगायचं तर अशा गाड्या गॅलनला सात ते दहा मैलच देतात. चोवीस-पंचवीस फुटी क्लास सी गाडी, म्हणजे ट्रकच्या डोक्यावर पलंग असलेली, दोघांना पुरते. नात आली तर वरचा पलंग तिचा, पण धावत्या गाडीत नाही. तिची कार सीट पुढे तोंड असलेल्या, पक्क्या पट्ट्याच्या सीटवरच लागते, सोफ्यावर आडवी लावू नये. गाडी बघायला जाल तेव्हा अशी सीट आहे का, ते पहिल्यांदा बघा.

तुम्ही बोस्टनला मुलाकडे वरचेवर जात असणार, म्हणून हे आवर्जून सांगते. नेहमीच्या गाडीने जाताना फोनचा नकाशा तुम्हाला कनेटिकटमध्ये मेरिट पार्कवेवर घालतो, हो ना? त्या रस्त्यावर आरव्हीला मज्जाव आहे. सुंदर जुने दगडी-काँक्रीटचे पूल आहेत तिथे, आणि ते बुटके आहेत. बोस्टनमधला स्टॉरो ड्राइव्हही तसाच. दरवर्षी कोणी ना कोणी तिथे गाडीचं छप्पर सोलून घेतं. फोनच्या नकाशाला तुमच्या गाडीची उंची ठाऊक नसते. उंची टाकता येईल असं आरव्हीसाठीचं जीपीएस घ्या, आणि छपरावरचा एसी धरून जी उंची होते ती जाड अक्षरांत लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. दक्षिणेकडे निघालात तर बाल्टिमोरच्या बोगद्यांतून स्वयंपाकाच्या प्रोपेनची टाकी असलेली आरव्ही नेता येत नाही. पूर्वी अशा गाड्या तिथल्या ‘फ्रान्सिस स्कॉट की’ पुलावरून जात. तो पूल २६ मार्च २०२४ ला जहाज आदळून कोसळला, त्यामुळे आता शहराला पश्चिमेकडून वळसा घालून जायचं.

पण ह्या सगळ्याच्या आधी एक गोष्ट कागदावर मांडा. तुमच्या दोघांच्या वयांतलं अंतर. यजमान मेडिकेअरवर, म्हणजे पासष्टीपुढच्यांच्या सरकारी आरोग्यविम्यावर, जातील. तुम्ही आज त्यांच्या कंपनीच्या विम्यावर असाल, तर ते निवृत्त होताच तुमचं छत्र जाईल आणि पासष्टीला अजून दीड-दोन वर्षं असतील. मधल्या काळात कोब्रा घ्या, म्हणजे कंपनीचाच विमा स्वतःच्या पैशाने काही काळ चालू ठेवा, नाहीतर मार्केटप्लेसची, म्हणजे सरकारी विमाबाजारातली, पॉलिसी घ्या. मार्केटप्लेसच्या पॉलिसी बहुधा आपापल्या भागातल्या डॉक्टरांपुरत्या असतात. इमर्जन्सी कुठेही धरली जाते, पण वायोमिंगमध्ये हात मोडला आणि पुढच्या सहा आठवड्यांच्या तपासण्या तिथेच करायच्या म्हटलं की पंचाईत. म्हणूनच मी दोन वर्षं म्हणाले. ती दोन वर्षं छोट्या फेऱ्यांची, न्यू जर्सीत परत यायच्या अंतरावरची.

मेडिकेअर दोघांनीही नीट विचार करून निवडा, यजमानांनी निवृत्त होताना आणि तुम्ही पासष्टीला. मूळ मेडिकेअर देशात कुठेही, मेडिकेअर घेणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे चालतं. मेडिकेअर ॲडव्हांटेजचे प्लॅन, म्हणजे खासगी कंपन्यांमार्फतचं मेडिकेअर, स्वस्त दिसतात, दात-चष्मा देतात, पण साधारणपणे एका भागातल्या डॉक्टरांच्या जाळ्याला बांधलेले असतात. सतत फिरणाऱ्याला मूळ मेडिकेअर आणि त्यावर मेडिगॅप, म्हणजे उरलेला खर्च भरणारा पूरक विमा, हेच सोयीचं. मेडिगॅपसाठी पार्ट बी, म्हणजे मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, सुरू झाल्यापासून सहा महिने असे मिळतात की कंपनीला तुमच्या आजारपणाकडे बोट दाखवून नाही म्हणता येत नाही. ते सहा महिने हुकले तर बहुतेक राज्यांत पुढे नाकारू शकतात. यजमानांचे ते सहा महिने त्यांचा पार्ट बी सुरू होईल तेव्हापासून मोजले जातील, म्हणजे निवृत्तीच्या धामधुमीतच. तेव्हा गाडीचं ब्रोशर बाजूला ठेवून हा कागद पुढे घ्या. आणि अलास्काला गाडीने जायचं म्हणजे कॅनडातून जायचं, तिथे मेडिकेअर जवळजवळ चालत नाही, वेगळा प्रवासविमा लागेल.

घर ठेवायचं म्हटल्यावर यजमान प्रॉपर्टी टॅक्सचा आकडा पुढे करतील. न्यू जर्सीत तो मुद्दा खोटा म्हणता येत नाही. पण घर एकदा गेलं की परत एडिसनला त्याच भागात, त्याच भावात मिळायचं नाही, आणि आरव्हीची किंमत शोरूमच्या दारातून बाहेर पडल्या क्षणापासून घसरायला लागते. एक वाढणारी वस्तू देऊन घटणारी घेताय, तीही तुमच्यापैकी एकानेच मनापासून पसंत केलेली. दोन वर्षांनी दोघांनाही वाटलं की आता घर नको, तर खुशाल विका. तोवर लांबच्या फेरीला जाताना एकच काम न चुकता करा : घराच्या विमा कंपनीला विचारा की घर किती दिवस रिकामं राहिलेलं चालतं. बऱ्याच पॉलिसींत तीस किंवा साठ दिवसांनंतर काही नुकसानं भरून मिळत नाहीत.

आता तुमचं स्वयंपाकघर. तुमच्या गावाला ज्यांचं नाव दिलं त्या थॉमस एडिसननाही ह्याच छंदाने पछाडलं होतं. हेन्री फोर्ड, टायरवाले फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज ह्यांच्याबरोबर ते उन्हाळ्यात गाड्यांचा तांडा घेऊन रानात मुक्कामाला जात. स्वतःला ‘भटके’ म्हणवून घेत. १९२४ पर्यंत त्यांच्या अशा सहली चालल्या. त्या तांड्यात स्वयंपाकाची वेगळी गाडी असे आणि स्वयंपाकी असत. तुमच्या गाडीत स्वयंपाक कोण करणार, हे यजमानांना विचारलंत का? मला उत्तर माहीत आहे, म्हणून विचारते. आमच्याकडेही तेच होतं. दोन फूट ओट्यावर मी दिवसातून तीनदा उभी, आणि हे बाहेर खुर्चीत बसून ‘काय सूर्यास्त आहे, बघ ये!’ मी शिकले गाडी, तेव्हा त्यांना शिकवली खिचडी, पोहे, ऑम्लेट, आणि दोन भाज्या. ज्या दिवशी मी चालवणार त्या दिवशी स्वयंपाक त्यांचा. हा करार तुम्ही पहिल्याच दिवशी करा, नंतर तो होत नाही.

बाकी आपलं स्वयंपाकघर आरव्हीत छान चालतं. प्रेशर कुकर न्याच. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, त्यामुळे यलोस्टोनसारख्या सात-आठ हजार फुटांवरच्या जागी उघड्या पातेल्यात तूरडाळ तासन्‌तास शिजत नाही. कुकरलाही दोन शिट्ट्या जास्त द्याव्या लागतात. तूरडाळ, पोहे, गोडा मसाला, आमसुलं, एवढं घरून भरून न्या, पश्चिमेत देशी दुकानं शेकडो मैल लागत नाहीत. फोडणी शक्यतो बाहेर, छोट्या गॅसवर करा. आत केलीत तर धुराचा अलार्म कोकलतो आणि मोहरी-हिंगाचा वास गादीत आठवडाभर राहतो. फक्त अस्वलांच्या मुलखात बाहेर शिजवलं की भांडी, तेल, मसाल्याचा डबा, सगळं लगेच आत घ्यायचं, एक चमचाही टेबलावर ठेवायचा नाही. विजेचं गणित वेगळं. ३० ॲम्पियरच्या जोडणीवर सगळी मिळून ३६०० वॅट मिळते. एसी, मायक्रोवेव्ह आणि इन्स्टंट पॉट एकदम लावलेत की ब्रेकर पडलाच.

पाण्याच्या बाबतीत मात्र आपण ह्या लोकांच्या कैक पावलं पुढे आहोत. आरव्हीत तीन टाक्या असतात : चांगल्या पाण्याची, भांडी-अंघोळीच्या सांडपाण्याची, आणि संडासची. शेवटच्या दोघींना इथे ग्रे आणि ब्लॅक टँक म्हणतात. नळजोडणी नसलेल्या ठिकाणी तीस-चाळीस गॅलन पाण्यात दोघांनी तीन-चार दिवस काढायचे असतात. शॉवर लावला तर दुसऱ्या दिवशी संपतं. तासभर नळ येणाऱ्या घरात जी वाढली, तिला एका लहान बादलीत आणि तांब्यात अंघोळ कशी करायची ते सांगावं लागत नाही. आम्ही पितळी तांब्याच नेला होता. सांडपाण्याच्या टाकीत तेल मात्र जाऊ देऊ नका. कढई आधी कागदाने पुसून मग धुवायची, नाहीतर टाकी आतून चिकटते आणि उन्हात घाण सुटते.

ब्लॅक टँकबद्दल मन घट्ट करून लिहिते, कारण ब्रोशरमध्ये हे कोणी लिहीत नाही. ती टाकी आठवड्यातून एकदा-दोनदा डम्प स्टेशनवर जाऊन, हातमोजे घालून, जाड नळी लावून रिकामी करायची असते. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे सांडपाण्याने नळी धुऊन निघते. सगळ्या जोडण्या असलेल्या जागेवर उभे असलात तरी ब्लॅकची झडप उघडी ठेवायची नाही. उघडी ठेवली की पाणी वाहून जातं आणि घट्ट ते आत साचून डोंगर होतो. आम्ही पहिल्या महिन्यात हेच केलं, आणि तो डोंगर फोडायला एक अख्खा दिवस गेला. टाकी दोन तृतीयांश भरू द्यायची आणि मगच सोडायची. हे कामही आलटून पालटून करा. ‘ते पुरुषाचं काम’ म्हणून सोडून दिलंत, तर बॅडलँड्सच्या त्या रात्रीसारखी एखादी रात्र ह्या टाकीवरूनही येईल.

देवांचं मी हलक्यात घेत नाही. आमचा बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा स्टीलच्या छोट्या डब्यात, मऊ रुमालात गुंडाळून ओट्याखालच्या खणात असत. मुक्कामाला पोचलं, गाडी समतल उभी केली, की आधी त्यांना बाहेर काढायचं, मग चहा. गाडी चालू असताना उघड्यावर काहीही ठेवायचं नाही, ना देव, ना बरणी. पहिल्याच वळणाला माझी लोणच्याची बरणी खाली आली होती, त्या गालिच्याला शेवटपर्यंत मोहरीचा वास होता.

भिशीसाठी बायका तुम्हाला महिन्याकाठी फोनवर घेतील, पण ती खरी भिशी होणार नाही, हे आधीच मान्य करा. म्हणूनच मी छोट्या फेऱ्या म्हणतेय. त्यापेक्षा वेगळं एक करा : तुमच्या बायकांपैकी कोणाची बहीण कुठे, कोणाचा मुलगा कुठे, ह्याची यादी करा आणि नकाशावर टिंबं टाका. एखाद्याच्या ड्राइव्हवेत दोन रात्री गाडी उभी करता आली तर जेवणही मिळतं आणि गप्पाही. फक्त त्यांच्या सोसायटीचा नियम आधी विचारून घ्या. गणपतीच्या दिवसांत मोठ्या शहराच्या आसपास राहायचं ठरवलंत तर तिथल्या महाराष्ट्र मंडळात आरती मिळेल.

भांडणांचं बोलू या. चोवीस फुटांत रागावून जायला दुसरी खोली नसते. आमची सगळ्यात मोठी भांडणं गाडी मागे घेताना झाली. मी मागे उभी राहून ओरडायची, ‘डावीकडे, डावीकडे!’ आणि हे विचारायचे, ‘कुणाच्या डावीकडे?’ आजूबाजूचे लोक खुर्च्या फिरवून बघायला बसायचे. त्यावर उपाय साधा आहे. फोन लावून बोलायचं, ओरडायचं नाही. डावं-उजवं म्हणायचंच नाही, ‘ड्रायव्हरच्या बाजूला’ आणि ‘दाराच्या बाजूला’ म्हणायचं. आणि मागे उभ्या असलेल्याला आरसा दिसत नसेल तर चालवणाऱ्यालाही मागचा माणूस दिसत नाही. ‘थांब’ म्हटलं की गाडी थांबलीच पाहिजे, वाद नंतर. शिवाय रोज एक तास दोघांनी वेगवेगळं फिरायला जायचं. ‘एकटी कुठे निघालीस?’ हा प्रश्न त्या तासापुरता बंद.

आता यजमानांबद्दल. तुमच्या पत्रात त्यांच्या मित्राचं एकच वाक्य आहे, पण मला वाटतं सगळी घाई तिथून आलीय. आपल्या वयाचा, आपल्याबरोबर डबा खाल्लेला माणूस आठ महिन्यांत जातो, तेव्हा मागे राहिलेल्याला वाटतं की आपल्याकडेही आठच महिने आहेत. त्यांना घर विकायचंच असेल असं नाही, फक्त उशीर करायचा नसेल. हे तुम्ही त्यांच्याशी गाडीचा विषय न काढता बोलला आहात का? मित्राबद्दल? एक संध्याकाळ फक्त त्याबद्दल बोला. त्यांना भीती वाटत असेल तर ती त्यांना तुमच्यासमोर म्हणता आली पाहिजे. आणि तुम्हीही सांगा की ‘पाप माझ्या माथी’ असं तुमच्या मनात येतं. तीस-बत्तीस वर्षं एकत्र काढलेल्या माणसाला हे पत्रातून माझ्याकडे आलेलं बरं वाटणार नाही.

त्यांना वाट बघायला लावू नका, हेही तितकंच खरं. म्हणून निवृत्तीनंतर लगेच, मेच्या पहिल्या आठवड्यात, पंचवीस फुटी क्लास सी गाडी तीन आठवड्यांसाठी भाड्याने घ्या. भाड्याच्या करारावर दोघांची नावं चालक म्हणून घाला. एडिसनहून इंटरस्टेट ७८ धरून हॅरिसबर्ग, तिथून इंटरस्टेट ८१ ने खाली, म्हणजे बाल्टिमोरही टळतं आणि बोगदेही. पहिल्या दिवशी हर्शीच्या आसपास थांबा, वीज-पाणी-सांडपाणी सगळ्या जोडण्या असलेल्या जागेवर, तीन रात्री. इथले जुने फिरस्ते सांगतात, दिवसाला तीनशे मैलांवर जायचं नाही, दुपारी तीनच्या आत पोचायचं, आणि एका जागी तीन रात्री राहायचं. मी आपल्या वयाला दोनशे मैलच सांगेन. मग व्हर्जिनियातल्या फ्रंट रॉयलहून शेनंडोआ नॅशनल पार्कच्या स्कायलाइन ड्राइव्हवर चढा. १०५ मैलांचा डोंगरमाथ्याचा रस्ता, वेगमर्यादा ताशी ३५ मैल, म्हणजे मागून कोणी भोंगा वाजवत नाही. वाटेत मेरीज रॉक बोगदा लागेल, उंची १२ फूट ८ इंच. भाड्याच्या गाडीची उंची आधी बघून घ्या, बहुधा थोडक्यात सुटते. तो बोगदा तुम्ही चालवत पार करा, हे शेजारी बसू देत. पुढे बिग मेडोज कॅम्पग्राउंडला मुक्काम. तिथे कुठलीच जोडणी नाही, त्यामुळे तांब्या, टाक्या, बॅटरी, सगळी परीक्षा तिथे होईल. मे महिन्यात पहाटे कुरणात हरणं चरायला येतात, हातात चहाचा कप घेऊन दारातच बसायचं.

उद्यानाच्या दारात ओळखपत्र दाखवून दोघांपैकी एकाचा सीनियर पास काढा. बासष्टीपुढच्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना तो ८० डॉलरमध्ये जन्मभरासाठी मिळतो, एका पासवर अख्खी गाडी आत जाते आणि सरकारी कॅम्पग्राउंड्सवर बऱ्याच ठिकाणी भाडं निम्मं होतं. माझ्या मते तो तुमच्या नावावर असावा.

तीन आठवड्यांनी घरी आलात की दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहा : काय आवडलं, काय परत कधीच नको. मग कागद बदलून वाचा. कदाचित यजमानच म्हणतील की छत्तीस फूट नको. कदाचित तुम्हीच म्हणाल की तीन आठवडे थोडे झाले. दोन्ही मी पाहिलंय.

तोवर मार्चपर्यंत वेळ आहे. एखाद्या रविवारी तासा-दोन तासांसाठी शिकवणारा गाठा किंवा कोणाची तरी आरव्ही मागा. मॉलचं पार्किंग सकाळी आठच्या आत रिकामं असतं. चार बादल्या न्या, आणि पाठीला टेकायला एक जाड उशी. सीट पुढे घ्यायचा खटका बहुधा सीटच्या खाली किंवा बाजूला असतो. तो आधी शोधा.